भयानक रस आणि विजेचा स्वर

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत रसांना स्वर वांटून दिले, तेव्हां हास्य-शृंगारांच्या वांट्यास मध्यम-पंचम आले, करुणाला गांधार-निषाद लाभले, आणि बीभत्स व भयानक या दोघां नावडत्या भावंडांना मिळून एकटा धैवत देण्यांत आला. ही वांटणी पुढें कोणी फारशी पाळली नाहीं. शिवाय आजचा धैवत तो भरताचा धैवत नव्हे, हें संगीताचा इतिहास जाणणारे सांगतीलच. परंतु एक गोष्ट तेव्हांपासून आजपर्यंत खरी राहिली आहे. आमच्या संगीतानें भयाला नेहमींच मागच्या ओसरीवर बसविलें. ख्यालिया श्रोत्यांना डोलवितो, थक्क करितो, प्रसंगीं त्यांच्या डोळ्यांत पाणीही आणतो. त्यांना भिववावें असें मात्र त्याच्या स्वप्नांतही येत नाहीं. मध्यरात्रीं मालकंस गाइला असतां भुतेंखेतें जवळ येतात असा एक समज गवई मंडळींत आहे. पण त्या समजांतलीं भुतेंसुद्धां रसिक म्हणून येतात, कोणाच्या मानगुटीस बसावयास येत नाहींत!

मग भीतीचें म्हणून जें संगीत आज लहान मुलालाही ओळखूं येतें, तें आमच्या घरांत आलें कोठून? तें आलें चित्रपटांतून, आणि चित्रपटांत तें आलें मुख्यत्वें विजेच्या वाद्यांतून. इलेक्ट्रॉनिक संगीताविषयीं लिहिणाऱ्यांत अलीकडे एक मत रूढ होऊं पाहत आहे कीं, गेल्या शतकाच्या आठव्या व नवव्या दशकांत युरोप-अमेरिकेंत जे भयपट निघाले, त्यांचें सिंथेसायझरवरील संगीत हेंच आजच्या या संगीताचें आजोळ होय. या मताची परीक्षा करावी, आणि तिच्या ओघांत आमच्या घरचा हिशेबही पाहावा, असा या लेखाचा हेतु आहे. विषय हलका आहे असें ज्यांना वाटेल त्यांस एवढेंच सांगतों कीं, आम्ही ज्या कारंजा लाड गांवीं राहतों, त्या नृसिंहसरस्वतींच्या जन्मग्रामांतसुद्धां लग्नसराईंतली वरात या कुळांतल्या एका धुनेवांचून सहसा पुरी होत नाहीं. ती धून कोणती, तें पुढें येईलच.

प्रथम वाद्याविषयीं दोन शब्द. सिंथेसायझर म्हणजे विजेच्या प्रवाहाला आंदोलनें देऊन स्वर उत्पन्न करणारें यंत्र. त्यांतला आंदोलक एक कच्चा, भरगच्च, कांहींसा कर्कश नाद काढतो. त्या नादांतले नको असलेले ध्वनि वगळण्याकरितां पुढें एक गाळणी असते. आणि स्वर किती झपाट्यानें उमटावा, किती वेळ टिकावा व कसा विरावा हें ठरविणारी तिसरी योजना असते. पेटीच्या पट्ट्यांसारखी पट्टी दाबली कीं हीं तिन्ही कामें एकदम होतात. अमेरिकेंत रॉबर्ट मूग यांनीं १९६४ च्या सुमारास हें यंत्र वादकांच्या हातीं देण्याजोगें केलें, आणि १९६८ सालीं वेंडी कार्लोस यांनीं त्यावर बाखच्या रचना वाजवून त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली.

पण या वाद्याचा जो गुण आमच्या विषयाला महत्त्वाचा आहे तो याहून साधा आहे. त्याला श्वास नाहीं. गवयाला दम घ्यावा लागतो. सारंगीचा गज टोंकाला पोंचला कीं परत फिरवावा लागतो. पेटीचा भाता पुन्हा भरावा लागतो. तंबोरा अखंड वाजतो असें आपण म्हणतों, परंतु त्याच्या प्रत्येक झंकारामागें एक बोट असतें, आणि तें बोट हलतें हें कानाला कळत असतें. या यंत्रावर एक पट्टी दाबून वर वजन ठेवलें आणि वादक जेवावयास गेला, तरी स्वर तसाच चालूं राहील. त्यांत थकवा नाहीं, घसा खाकरणें नाहीं, हाताचें चुकणें नाहीं. जें आवाज करितें पण श्वास घेत नाहीं, तें आपल्यांतलें नव्हे, हें मनुष्याच्या कानाला त्याच्या बुद्धीच्या आधीं समजतें. या वाद्यानें येणारी भीति ती हीच. चित्रपटवाल्यांनीं ती निर्माण केली नाहीं; ती यंत्रांत होतीच, त्यांनीं फक्त तिचा उपयोग केला.

आतां गंमत अशी कीं, ज्या गुणानें माणूस भितो त्याच गुणानें तो नाचतोही. देवीच्या जागरांत संबळाचा एकच ठेका तासन् तास घुमतो आणि पहांटेच्या सुमारास कोणाच्या तरी अंगांत येतें. तेथें संबळवाल्याचे हात भरून येतात हीच काय ती मर्यादा. यंत्राला तीही नाहीं. ठरवून दिलेला सुरांचा तुकडा तें रात्रभर, केसाइतकाही फरक न करितां, फिरवीत राहील. भय आणि नृत्य या दोन टोंकांना जोडणारा धागा हा असा आहे, आणि तो ध्यानांत घेतल्यावांचून या विषयावरची चर्चा केवळ नांवांची यादी होऊन बसते.

पाश्चात्त्य चित्रपटांतील पहिले प्रयोग आपण झपाट्यानें ओलांडूं. १९४५ च्या 'स्पेलबाउंड'मध्यें मिक्लोश रोझा यांनीं थेरेमिन हें रशियन वाद्य वापरलें. त्याला हात न लावतां, हवेंत हात हालवूनच तें वाजवावयाचें असतें. १९५६ च्या 'फॉरबिडन प्लॅनेट'चें सर्व संगीत लुई व बीबी बॅरन या दांपत्यानें विजेच्या मंडलांतून काढलें. परंतु नामावलींत त्याला 'संगीत' म्हणण्याचें धैर्य झालें नाहीं, 'इलेक्ट्रॉनिक नाद' अशी कांहींतरी पळवाट काढण्यांत आली. १९६३ च्या 'द बर्ड्स'मध्यें तर संगीतच नाहीं. पांखरांचा जो कल्लोळ आहे तो ऑस्कार साला यांनीं ट्राउटोनियम नांवाच्या यंत्रावर केला. या सर्वांत विजेचा स्वर परक्यासारखा येतो, धक्का देतो आणि निघून जातो.

तो बिऱ्हाड करून राहिला तो १९७७-७८ सालीं. १९७७ त दारिओ आर्जेन्तो यांच्या 'सुस्पिरिया'ला गॉब्लिन या रोमच्या वादकमंडळानें संगीत दिलें. लहान मुलांच्या खेळण्यांतल्या घंटांसारखी एक गोड चाल, आणि तिच्याखालीं कोणाची तरी कुजबुज. १९७८ च्या 'हॅलोवीन'चें संगीत मात्र सर्वस्वीं निराळें, आणि आमच्या मतें श्रेष्ठ आहे. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांच्यापाशीं सुमारें तीन लाख डॉलरांचें भांडवल होतें, म्हणजे हॉलिवुडच्या मानानें कांहींच नव्हतें. वाद्यवृंद परवडत नव्हता, म्हणून त्यांनीं संगीत स्वतःच केलें, तेंही तीन दिवसांत. यंत्रांची जुळवाजुळव करण्यास डॅन वायमन नांवाचे जाणकार होते. कार्पेंटर यांचे वडील केंटकींत संगीताचे अध्यापक. मुलाला लहानपणीं बोंगोवर त्यांनीं पांच मात्रांचा ठेका शिकविला होता. तोच ठेका मुलानें येथें पियानोवर घेतला आणि खालीं सिंथेसायझरचे खर्ज धरले.

या पांच मात्रांकडे आमच्या वाचकांनीं अंमळ थांबून पाहावें. त्यांच्या अर्ध्या केल्या कीं दहा होतात, आणि त्या दहांची फोड तीन-तीन-दोन-दोन अशी आहे. आमच्या झपतालाच्याही मात्रा दहाच. परंतु त्याची फोड दोन-तीन-दोन-तीन, म्हणजे उजव्या-डाव्या पावलांसारखी समतोल. झपताल ऐकतांना आपण सम येईल त्या ठिकाणीं निश्चिंत जाऊन बसतों. कार्पेंटरचा ठेका आधीं दोन लांब ढांगा टाकतो आणि मग दोन तोकड्या. ऐकणारा प्रत्येक आवर्तनांत शेवटीं थोडा पुढें कोलमडतो. त्यांतच तोच तुकडा मधून मधून अर्ध्या स्वरानें खालीं सरकतो. एवढेंच. चाल म्हणावी तर नाहीं, विस्तार नाहीं, तान नाहीं. कार्पेंटर यांनीं स्वतः सांगितलें आहे कीं, संगीताशिवाय हा चित्रपट पाहिलेल्या एका अधिकारी बाईंना तो मुळींच भीतिदायक वाटला नाहीं; संगीतासह पाहिल्यावर त्यांचें मत पालटलें. एखाद्या कलाकृतींत कोणता अवयव काम करितो हें इतक्या स्वच्छपणें दाखविणारा दाखला क्वचित् मिळतो.

आतां आजोळाच्या प्रश्नाकडे वळूं. नृत्याचें इलेक्ट्रॉनिक संगीत या भयपटांतून जन्मलें काय? आमचें उत्तर, बहुतांशीं नाहीं, असें आहे. ज्या वर्षीं 'सुस्पिरिया' आला त्याच १९७७ सालीं जॉर्जो मोरोडर यांनीं डोना समर या गायिकेच्या एका गाण्याखालीं मूगच्या यंत्राकडून अखंड धांवता खर्ज वाजवून घेतला, आणि जर्मनींतील क्राफ्टवेर्क मंडळाची आगगाडीवरची ध्वनिमुद्रिकाही त्याच वर्षींची. 'हॅलोवीन' त्यानंतरचा. नृत्यसंगीताचीं हाडें येथें आहेत. भयपटांनीं त्यावर रंग दिला. उलट कित्येकदां देणें भयपटांकडेच निघतें. गॉब्लिनचे क्लॉदिओ सिमोनेत्ती यांनीं १९७८ पासून 'ईझी गोइंग' या मंडळाबरोबर रोमच्या नृत्यगृहांसाठीं डिस्को संगीत केलें; आणि १९८२ सालीं आर्जेन्तो यांच्या 'तेनेब्रे'ला त्यांनीं व त्यांच्या दोन जुन्या सहकाऱ्यांनीं जें संगीत दिलें त्यांत नृत्यगृहांतलीं तालयंत्रें व यंत्रांतून गाळलेला मनुष्याचा आवाज सरळ येऊन बसला आहे. खुनाचा प्रसंग आणि पाय थिरकविणारा ताल! पुढें २००७ सालीं जस्टिस या फ्रेंच जोडीनें त्याच 'तेनेब्रे'चा तुकडा उचलून आपली नृत्यरचना बांधली. म्हणजे जें नृत्यगृहांतून भयपटांत गेलें तें पंचवीस वर्षांनीं व्याजासह परत आलें. कार्पेंटर यांच्या १९७६ च्या 'असॉल्ट ऑन प्रिसिंक्ट १३' या चित्रपटाच्या खर्जावर न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटा यांनीं १९८६ सालीं आपली रचना उभी केली, हाही असाच उघड उचलीचा दाखला. पण तोही चित्रपट भुताचा नव्हे, पोलिस-ठाण्यावरील हल्ल्याचा.

भयपटांनीं खरें दिलें तें निराळें. गाण्याविना, शब्दांविना, केवळ यंत्राचा एक स्वर चार मिनिटें ऐकत बसण्याची संवय त्यांनीं सामान्य प्रेक्षकाला लावली. प्रयोगशाळेंतील संगीतकार जें पंडितांना ऐकवीत होते तें खेड्यांतल्या चित्रगृहापर्यंत त्यांनीं नेलें. आणि ज्या पिढीनें बालपणीं हे चित्रपट घरच्या व्हिडिओवर, आईबापांची नजर चुकवून पाहिले, ती मोठी झाल्यावर तिला या स्वरांत भीतीपेक्षां स्वतःचें बालपणच अधिक ऐकूं येऊं लागलें. २०१५ सालीं सदुसष्ट वर्षांच्या कार्पेंटर यांनीं कोणत्याच चित्रपटाचें नसलेलें संगीत 'लॉस्ट थीम्स' या नांवानें प्रसिद्ध केलें. २०१६ सालीं 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेला काइल डिक्सन व मायकेल स्टाइन यांनीं त्याच वळणाचें संगीत दिलें. तें सुबक आहे, मधुर आहे. परंतु त्या मधुरपणांतच त्याचें उणेपण आहे. भीतीचा मुरांबा घातला कीं ती टिकते खरी, पण मग ती भीति राहत नाहीं.

हें झालें तिकडचें. आमच्याकडे काय झालें?

आमच्याकडे भूत गातें. १९४९ च्या 'महल'मध्यें खेमचंद प्रकाश यांनीं जो पाया घातला त्यावर १९६२ त हेमंतकुमार यांनीं 'बीस साल बाद' आणि १९६४ त मदनमोहन यांनीं 'वह कौन थी' उभारला. आणि तिन्ही ठिकाणीं पडक्या वाड्यांतून किंवा धुक्यांतून जो आवाज येतो तो लता मंगेशकर यांचा. त्या आवाजाला श्वास आहे. इतकेंच नव्हे, तो श्वास कोठें घेतला हें ऐकण्यासाठींच कित्येक रसिक कान टवकारून बसतात. असा आवाज ऐकून अंगावर कांटा येतो, पण लगेच तिची कींवही येते. कोणा अभागिनीचें हें गाणें, हिला काय बरें झालें असेल, असें मनांत येऊन भयानकाचा करुण होतो. आणि कथाकारही शेवटीं तेंच सांगतात: तिन्ही चित्रपटांत गाणारी अखेर जिवंत बाईच निघते. प्रेक्षकाच्या कानानें हें तिच्या पहिल्या आलापालाच ओळखलेलें असतें. मराठींत वसंत जोगळेकर यांच्या १९७६ च्या 'हा खेळ सावल्यांचा'लाही हृदयनाथ मंगेशकर यांनीं दिलेलें बळ गाण्यांचेंच आहे. त्यांतल्या एका गाण्याच्या आरंभीच्या शब्दांनीं चाळीस वर्षांनंतर, २०१६ सालीं, झी मराठीवरील 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेला नांव पुरविलें. गाणें असें टिकतें. त्याच चित्रपटांत गाण्यांच्या मधल्या वेळीं काय वाजत होतें, हें कोणास आठवतें?

विजेचें वाद्य आमच्या चित्रपटांत गाजलें तें भुताच्या रूपानें नव्हे, सर्पाच्या रूपानें. १९५४ सालीं 'नागिन' निघाला. त्यांतील पुंगीची धून पुंगीवर वाजविलेलीच नाहीं. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच गृहस्थानें १९४७ सालीं काढलेलें क्लॅव्हियोलिन नांवाचें एक लहानसें विजेचें वाद्य होतें, एका वेळीं एकच स्वर काढणारें. पुढें 'कल्याणजी-आनंदजी' म्हणून प्रसिद्धीस आलेल्या जोडीपैकीं कल्याणजी यांनीं तें वाजविलें, आणि पुढें संगीतकार म्हणून नांवारूपास आलेले रवि यांनीं सोबतीला पेटी धरली. चित्रपटाचे संगीतकार हेमंतकुमारच. या निवडींतलें मर्म पाहा. गारुडी पुंगी वाजवितांना गाल फुगवून ठेवतो आणि नाकानें श्वास घेत तोंडानें फुंकीतच राहतो, म्हणून पुंगीचा स्वर मुळीं तुटत नाहीं. आमच्या लोकवाद्यांत श्वास लपविणारें हें वाद्य. त्याची नक्कल करावयास श्वासच नसलेलें यंत्र मिळालें. नक्कल असलाहून सरस ठरली, याचें नवल नाहीं.

आणि हीच ती वरातींतली धून. कोणी जमिनीवर लोळण घेतो, कोणी दोन्ही हातांचा फणा डोक्यावर धरतो, कोणी रुमालाचें टोंक दांतांत धरून गारुडी होतो, आणि नवरदेवाची मिरवणूक अर्धा तास एका जागीं खोळंबते. आमच्या गांवीं ती पूर्वीं बँडच्या क्लॅरिनेटवर वाजे, मग बेंजोवर वाजूं लागली, आतां डीजेच्या भोंग्यांतून वाजते. 'नागिन' कांहीं भयपट नव्हे, ती प्रेमकथा आहे; तरी सापाला भिणारा हा समाज त्या धुनेवर साप होऊन नाचतो, यांत भयाचा अंश नाहीं असें कोण म्हणेल? न्यूयॉर्कचे बंबाटा कार्पेंटरचा खर्ज उचलण्यापूर्वीं कितीतरी वर्षें आमच्या रस्त्यांवर चित्रपटांतला विजेचा स्वर नृत्यसंगीत झालेला होता. फरक एवढाच कीं आम्हीं चाल घेतली, यंत्र घेतलें नाहीं. धून कशावर वाजली होती याची वरातींतल्या कोणाला विचारपूस नाहीं.

यानंतर रामसे बंधूंचें प्रकरण येतें, आणि आमच्या मतें या विषयाची खरी रुखरुख तेथें आहे. फत्तेचंद रामसिंघानी यांचें कराचींत रेडिओचें दुकान होतें. फाळणीनंतर तें कुटुंब मुंबईस आलें. सात मुलगे: कोणी दिग्दर्शन करी, कोणी कॅमेरा धरी, कोणी कथा लिही, आणि किरण रामसे ध्वनीचें काम पाहत. १९७२ सालीं महाबळेश्वरास जाऊन त्यांनीं 'दो गज़ ज़मीन के नीचे' केला. १९८४ चा 'पुराना मंदिर' तर गांवोगांव चालला. १९८८ चा 'वीराना', १९९० चा 'बंद दरवाज़ा' त्यामागून आले. १९९३ पासून 'झी हॉरर शो'नें हीच मंडळी घराघरांत आणली. रेडिओवाल्याचें घर आणि ध्वनीला स्वतंत्र भाऊ! कार्पेंटरप्रमाणें येथेंही पैशाची तंगी होती, यंत्रें मुंबईंत आलेलीं होतीं, आणि तीं चालविणारे हात तयार होते. सामग्री सारी होती.

वादकांचेंच घ्या. केर्सी लॉर्ड या पारशी वादकानें आठव्या दशकांत मूगचें यंत्र मुंबईच्या वाद्यवृंदांत आणलें; 'आराधना'च्या एका गाजलेल्या गाण्यांतला अकॉर्डियन त्यांचा. चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं 'टेन रागाज् टु अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका केली. रोलंड कंपनीचें ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ हीं तीन यंत्रें एकमेकांस जोडून त्यांवर भैरवी, तोडी, मालकंस असे दहा राग त्यांनीं वाजविले. तेंच टीबी-३०३ यंत्र १९८७ सालीं शिकागोच्या तरुणांनीं आपल्या नृत्यसंगीतांत वापरलें व त्यांतून एक नवें घराणें निघालें. म्हणून हल्लीं कांहीं उत्साही लेखक सिंग यांना त्या घराण्याचे मूळपुरुष ठरवितात. तें खरें नव्हे. शिकागोला त्यांची वार्ता नव्हती. त्यांची ध्वनिमुद्रिका आमच्याकडेच खपली नव्हती. परंतु १९८२ सालीं मुंबईच्या एका चित्रपट-वादकाला हीं यंत्रें कितपत वश होतीं, याला याहून चांगला पुरावा नाहीं. आणि बप्पी लाहिरी यांची गोष्ट तर सिमोनेत्तींच्या शेजारीं ठेवण्यासारखी आहे: १९८२ त 'डिस्को डान्सर'ला संगीत देणारा मनुष्यच पुढें रामसे यांच्या 'वीराना'ला संगीत देतो. तिकडे एका हातानें भय व नृत्य एकत्र कालविलें. इकडे तोच हात गाण्यांत डिस्को वाजवितो, आणि भीतीचा प्रसंग आला कीं गाणें थांबून निराळ्याच कोठडींतलें पार्श्वसंगीत सुरू होतें.

या कोठडीला नांवाची पाटी नाहीं. तबकड्या निघत त्या गाण्यांच्या. पार्श्वसंगीत विक्रीस काढण्याची चाल आमच्याकडे सामान्यतः नव्हतीच. तें पुष्कळदां सहाय्यकांच्या व वादकांच्या हातून, चित्रपट पुरा होण्याच्या घाईंत, तयार होई. त्यांतलें बरेंचसें टाकाऊ आहे हें मान्य केलें पाहिजे. वीज कडाडते, दार करकरतें, किंकाळी फुटते, आणि तीच किंकाळी पुढच्या प्रसंगांत पुन्हा फुटते. मध्येंच विनोदी पात्रें येऊन सर्व घडी विसकटतात; 'पुराना मंदिर'मध्यें तर 'शोले'चें विडंबनच घुसडलेलें आहे. तथापि कोणी एकटा हातीं उजेड घेऊन हवेलींत शिरतो आणि कांहीं क्षण कोणी बोलत नाहीं, किंचाळत नाहीं, तेव्हां खालीं जो एक खर्ज धरून ठेवलेला असतो तो ऐकावा. तेथें आमच्या संगीतांत प्रथमच असा स्वर आला आहे जो डोलवीत नाहीं, रडवीत नाहीं, केवळ श्वास न घेतां उभा राहतो. भरताच्या वांटणींत उपाशी राहिलेल्या रसाला त्याच्या वांट्याचें अन्न तेथें मिळालें असतें. मिळालें नाहीं, कारण तो स्वर संवाद व गडगडाट यांच्याखालीं गाडला गेला, वेगळा काढून कोणीं ऐकला नाहीं, आणि ऐकला नाहीं म्हणून कोणीं गिरविलाही नाहीं. वळण लागावयास कित्ता हातीं असावा लागतो.

कारंज्याच्या माणसाला ही गोष्ट विशेष लागते. आमच्या गांवच्या सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांत शेंकडों वर्षें पोथ्या बांधून ठेवलेल्या होत्या. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत हिरालाल जैन यांच्यासारख्या पंडितांनीं त्या उलगडल्या आणि अपभ्रंश वाङ्मयाचा एक मोठा खजिना जगापुढें आला. कारंजा जैन ग्रंथमालेंत १९३१ सालीं प. ल. वैद्य यांनीं संपादिलेलें पुष्पदंताचें 'जसहरचरिउ' निघालें. तें दहाव्या शतकांतलें काव्य उघडतें तें एका कापालिकाच्या नादीं लागलेल्या राजापासून: आकाशगमनाची सिद्धि मिळावी म्हणून चंडमारी देवीपुढें सर्व जातींच्या प्राण्यांचीं जोडपीं बळी द्यावयाचीं, आणि त्यांत माणसांचेंही एक जोडपें! रामसे बंधूंनाही याहून भयंकर देऊळ सुचलें नसतें. हजार वर्षांपूर्वींचें तें भय आज जसेंच्या तसें वाचतां येतें, कारण कोणीतरी तें पुनः पुनः उतरवून फडक्यांत बांधून ठेविलें. चाळीस वर्षांपूर्वींच्या पार्श्वसंगीताला तेवढें फडकेंही मिळालें नाहीं.

जें कांहीं मिळालें तें परक्यांच्या हातून. चरणजित सिंग यांची तबकडी एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लींतल्या एका दुकानांत २००२ सालीं सांपडली. त्यानें ती २०१० त पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हां कोठें म्हाताऱ्या सिंगांना युरोपांतून बोलावणीं येऊं लागलीं. २०१५ सालीं ते वारले. आमच्या भयपटांतील संगीताचा 'बॉलिवुड ब्लडबाथ' हा संग्रह २०११ त काढला तो इंग्लंडांतील फाइंडर्स कीपर्स संस्थेनें. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत १९६९ सालीं डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानें मूगचें यंत्र उभारून दिलें होतें. त्यावर गीता साराभाई, आय. एस. माथुर आदि मंडळींनीं केलेल्या रचनांच्या फिती तेथेंच पडून होत्या. त्या उजेडांत आणल्या पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंतानें, आणि त्यांची मुद्रिका निघाली २०२३ सालीं. या परक्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण त्यांना जें विलक्षण वाटलें तेंच त्यांनीं निवडलें. विलक्षण आणि चांगलें यांत फरक करणें हें घरच्या टीकाकाराचें काम होतें, आणि घरचा टीकाकार तेव्हां गाण्यांचीं परीक्षणें लिहीत होता.

याचा परिणाम २०१८ च्या 'तुंबाड'मध्यें उघडा पडतो. कोंकणांतला वाडा, कोंकणांतला पाऊस, दिग्दर्शक राही अनिल बर्वे, मुळाशीं नारायण धारप यांच्या कथेची प्रेरणा. गाणें अजय-अतुल यांचें. आणि वाड्याच्या गर्भांत उतरावयाची वेळ आली तेव्हांचा स्वर डेन्मार्कच्या जेस्पर किड यांचा. किड यांनीं काम उत्तम केलें आहे. त्यांची नेमणूक करण्यांत दिग्दर्शकाचें कांहींच चुकलें नाहीं. तो हवेलींतला खर्ज ज्यांनीं धरला त्यांच्या हाताखालीं शिकलेला कोणी येथें असता तर त्याच्याकडेही तें काम जाऊं शकलें असतें. आज पुण्या-मुंबईंत संगणकावर संगीत करणाऱ्या तरुणांना कार्पेंटरच्या पांच मात्रा पाठ असतात. 'पुराना मंदिर'ला संगीत अजित सिंग यांचें होतें, एवढेंही त्यांतल्या किती जणांस ठाऊक असेल याची शंका आहे. त्या काळच्या वाद्यवृंदांतले कांहीं वादक अद्याप हयात आहेत. कोणीतरी ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन त्यांच्या घरीं जावें आणि विचारावें: तो स्वर कोणत्या यंत्रावर धरला होता, किती वेळ धरावयास सांगितला होता, तो सुचला कोणाला, आणि त्या दिवसाची बिदागी कोणत्या नांवावर लिहिली गेली.